सासऱ्यांच्या तब्येतीसाठी

मी बदलायला कधीच विरोध केलेला नाही. माझा विरोध असतो तो फक्त तारखेला. व्यायाम करणं, गोड कमी खाणं, लिफ्ट सोडून जिना चढणं या सगळ्या गोष्टी मला तत्त्वतः मान्य आहेत, आणि तत्त्वतः मान्य असलेल्या गोष्टींची घाई करू नये असं माझं प्रामाणिक मत आहे. मी विमा कंपनीत आहे. लोकांची वजनं आणि सवयी तपासून कुणाचा विमा किती जोखमीचा ते ठरवणं हे माझं काम. समोरच्या अर्जात 'व्यायाम: नाही' असं दिसलं की मी खेदाने मान हलवतो, आणि मान हलवून झाली की खुर्चीत मागे रेलून बिस्किटांचा पुडा उघडतो. यात मला कधी विसंगती वाटली नाही. तुम्ही स्वतः घरी कसे वागता, असं न्यायाधीशाला कुणी विचारतं का?

माझी बायको एका शाळेच्या कार्यालयात काम करते. तिथे एकदा सवयींवरचा एक तज्ज्ञ येऊन भाषण देऊन गेला. तज्ज्ञ लोकांना बोलवायची शाळांना हौस असते, आणि त्याचे परिणाम आमच्यासारख्यांना घरी भोगावे लागतात. त्या संध्याकाळी ती आली तीच डोळ्यांत चमक घेऊन.

"माणूस बदलायला तयार होतो ना, तो एकदम होत नाही," चहाचा कप माझ्यापुढे ठेवत ती म्हणाली. "त्याच्या पायऱ्या असतात. पहिली पायरी म्हणजे 'मला काही झालेलं नाही'. मग 'बघू'. मग 'सोमवारपासून'. मग खरंच सुरुवात. आणि मग 'एक दिवस चुकला म्हणून काय झालं', की धाडकन परत पहिल्या पायरीवर."

"फार अभ्यासू माणूस दिसतो," मी म्हणालो.

"तुम्ही लग्न झाल्यापासून 'बघू'वर आहात."

"अजिबात नाही. 'सोमवारपासून'वर मी कितीतरी वेळा जाऊन आलोय."

"फिरायला गेल्यासारखे जाऊन आलात. तेवढंच तुमचं फिरणं."

या तज्ज्ञाने आणखीही काही सांगितलं होतं. माणसाला तू बदल म्हटलं की त्याची सगळी बुद्धी न बदलण्याची कारणं शोधण्यात खर्च होते. रागावून, घाबरवून फारसा उपयोग नाही. त्याला त्याचं स्वतःचं असं कारण सापडायला हवं. हे ती अगदी सहज बोलून गेली आणि मीही सहज ऐकून सोडून दिलं. तेव्हा कान टवकारायला हवे होते.

थोड्याच दिवसांनी ऑफिसला निघताना तिने मला बुटांपाशी गाठलं आणि आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. आतल्या खोलीत माझे सासरे असतात. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच आहेत. सासूबाई सगळ्यांची औषधं वेळेवर द्यायच्या आणि स्वतःचं डोकं दुखलं तर 'होईल कमी' म्हणायच्या. एका दुपारी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या त्या गेल्या. तेव्हापासून माझी बायको घरातल्या प्रत्येकाकडे पहारेकऱ्याच्या नजरेने बघते. तिला आणखी कुणाला असं जाऊ द्यायचं नाहीये. ती हे बोलून दाखवत नाही, पण मला ते माहीत आहे, आणि तिच्या कटकटीवर मी जो काही वैतागतो तो जरा हात राखूनच वैतागतो.

"बाबांचे रिपोर्ट चांगले नाहीत," ती हळू आवाजात म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, रोज चालायलाच हवं. साखर, चरबी, सगळंच वर आहे."

"मग चालू दे की त्यांना."

"एकटे जातील ते? आणि त्यांच्यासाठी म्हणून सांगितलं तर मुळीच जाणार नाहीत. किती मानी आहेत, माहितीये ना? तुम्ही असं करा, तुम्हालाच चालायचंय असं सांगा. सोबत हवी म्हणून त्यांना न्या. पण त्यांना संशय येता कामा नये."

"आणि माझे रिपोर्ट?" माझ्या आणि सासऱ्यांच्या तपासण्या एकाच दिवशी झाल्या होत्या.

"तुमचं काय, तुमचं ठीक आहे," ती म्हणाली आणि माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. ती माझी कॉलर एरवी नीट करत नाही. हेही माझ्या नंतर लक्षात आलं.

माझे सासरे वाहन परवान्याचे परीक्षक होते. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसून त्याला नापास करणं हा त्यांचा जन्मभराचा व्यवसाय. माणसाला पाय दिलेत ते क्लच आणि ब्रेकसाठी, असं ते मानतात. आणि गाडी विकून टाकल्यापासून पायांची गरज संपली, असं धरून ते खुर्चीत बसले होते. अशा माणसाला चालायला काढायचं म्हणजे सोपं काम नव्हे, म्हणून मी रात्रीच्या जेवणात जरा प्रस्तावना करून विषय काढला. मला हल्ली अंग जड वाटतं, सकाळी चालावंसं वाटतं, पण एकट्याला कंटाळा येतो वगैरे.

सासऱ्यांनी मुलीकडे एक नजर टाकली आणि अतिशय प्रेमळ आवाजात म्हणाले, "येतो ना मी. तुमच्यासाठी एवढं नाही का करणार, जावईबापू?"

इतकं सोपं होईल असं वाटलं नव्हतं. माझ्या बोलण्यात वजन आहे, याचा मला त्या दिवशी पुरावाच मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इमारतीच्या फाटकाबाहेर पडलो तेव्हा अर्धी इमारत खाली हजर होती. समोरच्या फ्लॅटमधल्या वकिलांनी सांगितलं की नुसतं चालून काही होत नाही, उलटं चालायला हवं, गुडघे तरुण होतात. ते स्वतः चालतात का, असं विचारल्यावर ते म्हणाले की आपले गुडघे मुळातच चांगले आहेत. वरच्या मजल्यावर गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई राहतात. त्या म्हणाल्या, चालताना बोलू नका, श्वास फुकट जातो. हे सांगायला त्यांनी बराच श्वास वापरला. या सगळ्यात माझी अडचण अशी, की मला 'मी सासऱ्यांना चालवतोय' हे कुणालाच सांगता येत नव्हतं. सगळ्या इमारतीसमोर रुग्ण मी होतो. बाई तर माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "योग्य निर्णय घेतलात हो." आणि सासरे बाजूला उभं राहून समजूतदारपणे मान हलवत होते!

पहिल्या वळणावरच मला दम लागला. मी लगेच थांबलो आणि म्हणालो, "बाबा, दमला असाल तर बसू या."

"मी नाही दमलो. तुम्ही दमला असाल तर बसू."

"माझं काही नाही. तुमच्यासाठी म्हणतोय."

"आणि मी तुमच्यासाठी म्हणतोय."

एवढं बोलून आम्ही दोघेही बाकावर बसलो आणि एकमेकांच्या भल्यासाठी बराच वेळ बसून राहिलो. उठताना त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "हळूहळू जमेल हं. नव्या माणसाला वेळ लागतोच." मला हसू येत होतं. बिचाऱ्यांना काहीच माहीत नाही, असं मनात आलं आणि त्यांच्याबद्दल माया वाटली. घरी आल्यावर मी बायकोला खूण केली की मोहीम फत्ते. तिने मला खूण केली, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या सासऱ्यांनाही तिने काहीतरी खूण केल्यासारखं वाटलं.

रस्त्यावर चालण्यात एक मोठी अडचण होती, ती म्हणजे सासरे. शिकाऊ गाडी दिसली की ते फूटपाथवर थांबून तिचं परीक्षण करायचे. एकदा तर सिग्नलला थांबलेल्या एका मुलीच्या काचेवर टकटक करून त्यांनी तिला हँडब्रेकबद्दल सुनावलं. ती घाबरून पुढे निघाली ती सिग्नल तोडून, आणि सासऱ्यांनी तिला तिथल्या तिथे नापास केलं. तेव्हा बायको म्हणाली, रस्ता नको, सरकारी बागेत जा. तिथे गाड्या नाहीत.

बागेत सकाळी फिरायला पास लागतो. पासाच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांच्यापुढे दोन्ही कोपरांच्या मधे नियमांचं पुस्तक होतं आणि त्यांना ते पाठ असूनही त्या दर वेळी उघडून बघत होत्या.

"दोघांचा एकत्र पास? नातं काय?"

"सासरे आणि जावई," मी म्हणालो.

त्यांनी पुस्तक उघडलं. "कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं. सासरा यात बसत नाही."

"मग वेगवेगळे द्या."

"एकट्या ज्येष्ठ नागरिकाला सोबतीशिवाय पास नाही. सोबतीत कुटुंबातलं माणूस लागतं, किंवा मित्र."

"मग मित्र लिहा," मी म्हणालो.

"मित्र?" सासरे खिडकीत वाकले. "अहो बाई, मी या माणसाला मुलगी दिलीये. मित्राला देतात का?"

बाईंनी यावर शांतपणे विचार केला आणि म्हणाल्या की मुलगी देण्याबद्दल पुस्तकात काही नाही. शेवटी सासऱ्यांनी नाइलाजाने माझ्याशी मैत्री केली. सही करताना ते पुटपुटत होते. पण गाडी तिथेही अडली, कारण दोघांचाही 'चालण्यास योग्य' असा डॉक्टरी दाखला हवा होता. चालता येत नाही म्हणून चालायला आलोय, आता चालता येतं असा दाखला कुठून आणू, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "तेच तर. बागेत कुणी पडलं तर जबाबदार कोण?" विमा कंपनीतला माणूस या नात्याने मला त्यांचं म्हणणं पटलं, याचा मला अजून राग आहे.

आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते घाईत होते. आम्हाला बघताच त्यांचा चेहरा फुलला.

"वा! म्हणजे घरच्या बाईंनी जमवलं म्हणायचं. दोघंही एकदम चालायला लागलात? मी त्यांना म्हणालो होतो, दोघांचे रिपोर्ट इतके सारखे आहेत की नावं झाकली तर ओळखू यायचं नाही कुणाचा कुठला. त्या म्हणाल्या, बघते मी काय करायचं ते."

मी सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही ठीक आहात असं मला सांगितलंय तिने," सासरे सावकाश म्हणाले. "म्हणजे, ठीक नाही आहात असं सांगितलंय. मी ठीक आहे असं सांगितलंय."

"मला उलटं सांगितलंय," मी म्हणालो.

"म्हणाली, ह्यांचे रिपोर्ट वाईट आहेत, पण त्यांना कळू देऊ नका, मानी आहेत."

"मानी तुम्ही आहात!"

"अर्थातच मी आहे. तुम्ही कुठले मानी?"

डॉक्टरांनी दाखले द्यायला साफ नकार दिला. रिपोर्ट सुधारेपर्यंत कुणालाही योग्य म्हणणार नाही म्हणाले. आम्ही बाहेर पायरीवर बसलो. माणसाला आपण आजारी असल्याचं दुःख होतं हे खरं, पण दुसऱ्याला बरं करतोय या आनंदात असताना आपण आजारी निघणं, हा अपमान वेगळाच असतो. आपण जावयाला चालवतोय म्हणून सासरे रोज आरशासमोर छाती काढून उभे राहायचे. ते सगळं वाया गेलं होतं. आणि माझंही.

"आपल्याला फसवलंय," ते म्हणाले. "माझ्याच मुलीने."

"माझ्याच बायकोने," मी म्हणालो.

मैत्री झाली ती तिथे, पासाच्या खिडकीवर नव्हे. आम्ही ठरवलं की घरी चकार शब्द काढायचा नाही. सकाळी ठरल्या वेळी बाहेर पडायचं, पण चालायचं नाही. निषेध म्हणून कुठेतरी बसायचं आणि गोड खायचं.

निषेधाची पहिली जागा कोपऱ्यावरची बेकरी होती. तिथे पहिल्याच दिवशी वकील पाव घ्यायला आले आणि आमच्याकडे बघून इतक्या अर्थपूर्ण रीतीने हसले, की आम्हाला बशा तशाच टाकून निघावं लागलं. दुसरी बेकरी बाजाराजवळ होती, तर तिथे गाण्याच्या बाईंच्या विद्यार्थिनी सकाळी नाश्ता करतात. तिसऱ्या ठिकाणी बायकोच्या शाळेचा शिपाई भेटला. या जगात एका जबाबदार माणसाला शांतपणे तब्येत बिघडवायला जागा नाही. अखेर पुलापलीकडे, चढाच्या टोकाला एक जुनी बेकरी सापडली. तिथे ओळखीचं कुणी येत नव्हतं, कारण इतक्या लांब शुद्धीवरचा माणूस पावासाठी जात नाही. तिथला बेकरीवाला कुणाशी बोलायचा नाही, हाही त्याचा एक गुणच. लोणी लावलेला, वर साखर भुरभुरलेला त्याचा बन पहिल्या खेपेलाच संपायचा.

म्हणून आम्ही भराभर जायचो. पूल ओलांडायचा, चढ चढायचा, एकेक बन खायचा, आणि घरी संशय यायच्या आत धापा टाकत परत यायचं. अधेमधे ओळखीचं कुणी दिसलं तर गल्लीतून वळसा. पावसात बेकरी उघडी असेल का, याची दोघांना इतकी काळजी की आम्ही एक दिवसही चुकवला नाही. निषेधाला सुट्टी नसते, असं सासरे म्हणायचे.

ऋतू बदलला आणि बायकोने आमच्या पुन्हा तपासण्या करवल्या. रिपोर्ट घ्यायला ती आम्हा दोघांना घेऊनच डॉक्टरांकडे गेली. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून बघितले.

"छान! वजन फारसं हललेलं नाही, खाण्याकडे बघा जरा, पण बाकी सगळं खाली आलंय. कुठे चालता?"

"असंच," सासरे म्हणाले, "इकडे तिकडे."

बायकोचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. आम्हाला फसवलं म्हणून आम्ही तिला फसवत होतो आणि त्यातून नेमकं तिला हवं तेच झालं होतं. यात जिंकलं कोण, हे मला अजून सांगता येत नाही. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसलो. पण सासरे तिच्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हिचंही ब्लडप्रेशर बघा."

"माझं कशाला?" ती हसली.

"जिना चढताना मधे थांबलीस. कठड्याला धरून उभी होतीस."

मी ते पाहिलं नव्हतं. मी पुढे होतो, जिना किती सहज चढतोय हे स्वतःलाच दाखवत. डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, पुन्हा एकदा बांधला आणि मग त्यांचा बोलण्याचा सूर बदलला. गोळी लागेल म्हणाले. रोज चालायलाच हवं म्हणाले. किती दिवस डोकं दुखतंय, असं त्यांनी विचारलं.

"धावपळीमुळे असेल," ती पर्स उचलत म्हणाली. "शाळेत परीक्षा आहेत ना. त्या झाल्या की बघू."

बघू! मी तिला घरी आल्यावर समोर बसवलं आणि तिच्याच तज्ज्ञाच्या पायऱ्या तिला समजावून सांगायला लागलो. दुसऱ्या पायरीपर्यंत आलो तेव्हा ती उठून गॅस बंद करायला गेली, आणि परत आली ती वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन. तो माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "हे घड्या करा. मग मी चालायला मोकळी." मी घड्या करेपर्यंत तिने भांडी लावली, शाळेचा फोन घेतला, तिच्या बाबांच्या गोळ्या डबीत भरल्या. तिची स्वतःची गोळी टेबलावर तशीच पडून होती. तिचा चहाही तिथेच गार झाला होता. मी रागावलो, मग घाबरवून बघितलं. माझ्याकडे आकडेच असतात, तिच्या वयाच्या आणि तिच्यासारख्या ब्लडप्रेशरच्या माणसांचं काय होतं ते मी रोज बघतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला काही झालेलं नाही." म्हणजे आणखी एक पायरी खाली.

दुसऱ्या दिवशी पुलावर सासरे थांबले. समोरून एक शिकाऊ गाडी आचके देत गेली, तिच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"हिची आई अशीच म्हणायची," ते म्हणाले. "मी जन्मभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुका टिपल्या हो. आणि माझ्याच घरात..." मला भीती वाटत होती, अगदी साधी भीती. तिच्याशिवायचं घर मी त्या एका क्षणात बघितलं आणि मला तिथे एक खुर्चीही ओळखीची वाटेना.

जरा वेळाने त्यांनी नाक पुसलं.

"ती स्वतःसाठी चालणार नाही," ते म्हणाले. "ती फक्त दुसऱ्यासाठी हलते. तिला कुणाच्या तरी मागे लावलं पाहिजे. जावईबापू, तुमची थोडी बेअब्रू झाली तर चालेल का?"

"किती थोडी?"

"बरीच."

त्या दिवशी मी ऑफिसात असताना सासऱ्यांनी मुलीला जवळ बसवून सगळं सांगून टाकलं. म्हणजे, त्यांच्या सोयीचं तेवढं. जावईबापू चालत नाहीत, पुलापलीकडे बेकरीत जातात. गोडाचं व्यसन लागलंय. मलाही ओढून नेतात, मी म्हातारा माणूस, नाही कसं म्हणणार? रोज दोन दोन बन खातात. (हे साफ खोटं होतं. एकच.) पण त्यांना विचारू नकोस, ते कबूल करणार नाहीत. रंगेहाथ पकडायला हवं.

संध्याकाळी मी घरी आलो तर बायको एक शब्द बोलली नाही. मला बिस्किटाशिवाय चहा मिळाला. दुसऱ्या दिवशी आम्ही फाटकातून बाहेर पडलो आणि काही अंतर गेल्यावर सासरे कुजबुजले, "मागे वळायचं नाही. आरशात बघायचं." औषधाच्या दुकानाची काच दिसली तिच्यात मी बघितलं. पलीकडच्या फूटपाथवरून, डोक्यावर ओढणी घेऊन, झाडाआडून झाडाआड जात माझी बायको येत होती. शाळेच्या कार्यालयात इतकी वर्षं काढलेली बाई, आणि लपायला निवडलं होतं ते विजेच्या खांबाइतकं बारीक झाड.

"पाय उचला," सासरे म्हणाले.

आम्ही पाय उचलले. ती पूल ओलांडून आली, चढ चढली. बेकरीच्या दारात आम्ही घुटमळलो, बनचा वास आला, माझ्या पोटाने आवाज केला, आणि सासऱ्यांनी मला दंडाला धरून पुढे ओढलं. पकडलं की खेळ संपला. ती घरी बसली असती. म्हणून रोज बेकरीपर्यंत जायचं आणि आत जायचं नाही, असा भयंकर नेम आमच्या नशिबी आला. गुन्हा केल्याचा आरोप अंगावर आणि बन मात्र पोटात नाही. घरात माझ्याकडे गुन्हेगाराकडे बघतात तसं बघितलं जाई आणि मला निरपराध असूनही खाली मान घालून बसावं लागे. वकिलांनी तर मला सल्ला दिला, "कबूल करून टाका, शिक्षा कमी होते." पण ती रोज येत होती. आधी चपला घालून यायची, मग तिने बूट आणले. बूट आल्यावर सकाळच्या चहाबरोबर गोळीही तिच्या पोटात जायला लागली. दमून मागे राहिलं तर पकडणार कसं, असा तिचा हिशेब असावा. दुकानाच्या काचांमधून मी बघायचो, ती कठड्याला धरून थांबते का. हळूहळू थांबेनाशी झाली. आम्ही वाट लांबवत गेलो.

आणि एके दिवशी ती काचेत दिसली नाही.

आम्ही बेकरीवरून पुढे, टेकाडाच्या रस्त्याला लागलो होतो. पुढच्या दुकानाच्या काचेतही ती नव्हती. सासऱ्यांनी स्वतःच मागे वळून बघितलं. रस्ता रिकामा होता. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला, माझा त्यांनी पाहिला असेल, आणि आम्ही पळत सुटलो. मी शेवटचा कधी पळालो होतो मला आठवत नाही. सासरे तर, माझी खात्री आहे, आयुष्यात पळालेच नव्हते. दोघांच्याही तोंडून तिचं नाव निघत होतं. फूटपाथवर पडलेलं कुणी दिसतंय का ते मी बघत होतो आणि बघायची हिंमतही होत नव्हती.

ती बेकरीतल्या बाकावर बसली होती. समोर बशीत बन. बाजूच्या दुसऱ्या बशीत अजून एक.

"काय झालं?" ती घाबरून उठली. "बाबा! पळताय काय? बसा आधी!"

सासरे बसले, त्यांनी तिचा हात दोन्ही हातांनी धरला आणि तो सोडायलाच तयार होईनात. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते धापेमुळे आहे असं समजायला कुणाची हरकत नव्हती.

"रोज इथवर यायचं, वास घ्यायचा आणि पुढे जायचं," ती म्हणाली, पण तिचा आवाज बदलला होता. ती एकदा बापाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. "तुम्ही नाही खात तर नका खाऊ. मला भूक लागते चालून. मला वाटलं तुम्ही पुढे..." मग ती थांबली. "मी दिसले नाही म्हणून पळालात?"

तिला कळायला वेळ लागत नाही, ती त्या तज्ज्ञाच्या भाषणाला गेलेली बाई आहे. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्यापासून तिघं एकत्र निघू. मागे एकटीला बोलायला कुणी नसतं."

तिने एक बन आमच्या दोघांपुढे सरकवला आणि मोडून अर्धा अर्धा केला. दुसरा अख्खा बन तिने स्वतःच्या बशीत ठेवला. मी सवयीने त्याच्याकडे हात नेला, तर तिने माझ्या बोटांवर चापट मारली आणि तो सगळाच्या सगळा, सावकाश, आमच्यासमोर बसून एकटीने खाल्ला.